स्टेन, काळा रंग आणि हाऊस ट्रॉफीचे गुण

यंदापासून हॉबी क्लबमध्ये बनवलेल्या वस्तूंना हाऊस ट्रॉफीत गुण द्यावेत, असा विचार शाळेत चालू आहे. स्थापना दिनाच्या प्रदर्शनात परीक्षक येतील, वस्तू पाहतील, पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक लावतील आणि ते गुण त्या त्या हाऊसच्या खात्यात जमा होतील. ड्रिलला गुण आहेत, क्रॉस-कंट्रीला आहेत, वक्तृत्वाला आहेत, मग हॉबीनेच काय घोडं मारलंय, असं एका सहकाऱ्याने मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. सुतारकामाचा क्लब माझ्याकडे असल्यामुळे माझं मत मागितलं गेलं आणि मी विरोधात मत दिलं. बैठकीत कारण दोन वाक्यांत सांगितलं, ते कोणाला फारसं पटलं नाही. म्हणून मराठी पानाची जागा मागून घेतली. कारण एका गिटारचं आहे आणि त्यात चूक माझी आहे.

ती काळी इलेक्ट्रिक गिटार तुमच्यापैकी अनेकांनी गेल्या स्थापना दिनाला पाहिली असेल. काही पालकांनी तिच्या शेजारी उभं राहून फोटोही काढले. तिला पहिला क्रमांक मिळाला होता. ती काळी कशी झाली, हे फक्त दोघांना माहीत आहे. मला आणि ज्याची ती आहे त्या कॅडेटला. त्याची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे.

गिटार किटमधून केलेली होती. खोक्यात कोऱ्या लाकडाची बॉडी येते, मान वेगळी, पिकअप, वायरी, ब्रिज, सहा खुंट्या आणि स्क्रूंची एक पिशवी. मान बॉडीला चिकटवायची नाही, चार स्क्रूंनी आवळायची. ही पद्धत लिओ फेंडर यांच्या 1950 सालच्या गिटारींनी जगभर रूढ केली, आणि तिच्यामुळेच आज नववीतला मुलगा शाळेच्या वर्कशॉपमध्ये गिटार जोडू शकतो. जोडणं खरं तर सोपं आहे. सोल्डरिंगसकट दोन रविवार पुरतात. वेळ जातो तो कोऱ्या लाकडावर. आमच्या या मुलाला लाकूड झाकायचं नव्हतं. त्याच्या आजोबांच्या घरच्या सागवानी झोपाळ्यासारखा लालसर तपकिरी रंग हवा होता आणि त्यातून लाकडाच्या रेषा दिसायला हव्या होत्या. म्हणजे पेंट नाही, स्टेन.

पेंट लाकडावर बसतो, स्टेन लाकडात शिरतो. कॅडेट्सना हा फरक बुटांवरून सांगता येईल. टो-कॅपवर पॉलिशचे पातळ थर गोल गोल फिरवत चढवले की चामड्यावरचा ओरखडा हळूहळू भरून जातो आणि इन्स्पेक्शनला तो कोणाला दिसत नाही. स्टेनचं नेमकं उलटं. लाकूड घासताना राहून गेलेला आडवा ओरखडा नुसत्या डोळ्यांना दिसत नसतो. त्यात स्टेन जास्त शिरतो आणि पेनाने ओढल्यासारखी गडद रेघ उमटते. जिथे फेव्हिकॉलचा सुकलेला ठिपका राहिला असेल तिथे तो शिरतच नाही, फिकट डाग तसाच डोळ्यात येतो. बॉडीच्या वरच्या-खालच्या टोकांना लाकडाच्या सूक्ष्म नळ्या आडव्या कापलेल्या असतात. तिथे स्टेन स्ट्रॉने ओढल्यासारखा आत जातो आणि दुप्पट काळपट दिसतो. फिजिक्सच्या तासाला मी केशाकर्षण शिकवतो ते हेच, फक्त वर्गातल्या काचेच्या नळीपेक्षा इथे ते जास्त महाग पडतं.

त्यामुळे स्टेनचं खरं काम स्टेन लावण्याआधीचं असतं. आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, मग 220, तोही लाकडी ठोकळ्याला गुंडाळून आणि रेषांच्या दिशेने. प्रत्येक नंबरचं काम एकच, आधीच्या नंबरने पाडलेले ओरखडे काढणं. मधला नंबर गाळला तर त्याचं काम पुढच्याला झेपत नाही. त्यानंतर ओल्या फडक्याने बॉडी पुसायची. पाण्याने लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, ते वाळू द्यायचे आणि 320 नंबरने हलक्या हाताने उतरवायचे. शेवटी स्पिरीटने पुसून, बॉडी खिडकीशी तिरप्या उजेडात धरून पाहायची. ओलं आहे तेवढा वेळ लाकूड स्टेन लावल्यावर कसं दिसणार ते दाखवून देतं. गोंदाचे डाग सापडतात ते तेव्हाच. आणि स्टेन आधी लावून बघायचा तो पिकगार्डखाली, जिथे नंतर कोणाची नजर जाणार नाही.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मी त्याला तसंच शिकवलं होतं. पण हॉबीचे तास आठवड्याला दोन, प्रत्येकी चाळीस मिनिटांचे. त्यातली दहा मिनिटं हत्यारं काढण्यात आणि दहा झाडण्यात जातात. मध्ये कॅम्प आला, मग टेस्ट आल्या. ऑगस्ट संपत आला तेव्हा बॉडी 180 वरच होती. स्थापना दिनाला तीन आठवडे उरले होते आणि माझ्या क्लबकडे प्रदर्शनात मांडण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बुकशेल्फ आणि किल्ल्यांची लाकडी पाटी या दोन वस्तू तर दर वर्षीच असतात. मी म्हणालो, 180 पुरे, स्टेन लाव.

बासवुड नावाचं हे लाकूड मऊ, फिकट आणि स्टेनच्या बाबतीत लहरी. एका ठिकाणी पितं, शेजारी पीत नाही. आमचा स्टेन स्पिरीटमधला, चटकन वाळणारा. फडकं पुढे सरकेपर्यंत मागची कड वाळायची आणि पुढचा हात तिच्यावर चढला की जोडाची पट्टी उमटायची. अर्ध्या तासात बॉडी ढगाळ आभाळासारखी झाली. डाग, पट्ट्या आणि 180 च्या गोल गोल रेघा, एकही लपली नाही. मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “सर, परत घासू का?”

परत घासायला, वाळवायला, पुन्हा स्टेन लावायला आणि त्यावर पॉलिशचे थर चढवायला किमान तीन आठवडे हवे होते. सगळं घासणं आणि वाळणं होईपर्यंत प्रदर्शनाला चार दिवस उरले असते. मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी बाजारातून काळ्या स्प्रेचे डबे आणले आणि संध्याकाळी एकामागून एक तीन हात मीच मारले. तो मास्क लावून बाजूला बॉडी धरायला उभा होता. घाईत मी मान बसते त्या खाचेतही रंग मारला. त्या थराने मान आत जाईना, तेव्हा चाकूने खरवडली. जाड थर आतून ओलेच राहिले होते. प्रदर्शनाच्या दिवशीही अंगठा दाबला तर ठसा उमटत होता, म्हणून आम्ही समोर पाटी ठेवली, ‘कृपया हात लावू नये’. लोकांना वाटलं, वस्तू फारच नाजूक आहे.

पाहुण्यांपैकी एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, हे फिनिशिंग तू केलंस? मी दोन पावलांवर उभा होतो. तो सावधानमध्ये म्हणाला, “येस सर.”

यावर मी बराच विचार केला आहे. खोटं बोलू नये हे आपण सहावीत आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात सांगतो आणि खोटं पकडलं तर शिक्षाही करतो. इथे मी त्याच्यासाठी दुसरं उत्तरच शिल्लक ठेवलं नव्हतं. ‘नो सर’ म्हणाला असता तर त्याने पाहुण्यांसमोर आपल्या शिक्षकाला उघडं पाडलं असतं. तो माझ्यासाठी खोटं बोलला. आणि त्या खोट्याला पहिला क्रमांक मिळाला. तेव्हा हाऊसचे गुण नव्हते, नुसतं प्रमाणपत्र होतं. गुण असते तर हाऊस मास्तर, हाऊस कॅप्टन आणि साठ मुलं त्या “येस सर”च्या मागे उभी राहिली असती. मग ते मागे घेणं त्याला जमलं असतं का?

सहामाही परीक्षा संपल्यावर तो वर्कशॉपमध्ये आला. परेड ग्राउंडवर आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत असतं, वर्कशॉपचं दार लोटलं की मराठीत. म्हणाला, “सर, काळा रंग काढू का?”

मी म्हणालो, “अरे, पहिल्या नंबरची गिटार आहे ती.”

“नंबर रंगाला मिळाला, सर.”

रंग काढायला त्याला नोव्हेंबर आणि अर्धा डिसेंबर लागला. काळा रंग पॉलिश पेपरवर लगेच साचतो, कागद दर दहा मिनिटांनी फेकावा लागतो. बॉडीच्या आतल्या पोकळ्यांत तो अजूनही आहे, तिथे हात पोचत नाही. खरवडताना मऊ लाकडात दोन पोचे पडले, ते त्याने ओला रुमाल ठेवून वर युनिफॉर्मच्या इस्त्रीने काढले. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि पोचा वर येतो. ही गोष्ट मी सांगितली तेव्हा त्याला गंमत वाटली, कारण इस्त्रीत त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सराईत आहे. हिवाळी सुट्टीनंतर 220, पाणी, 320, स्पिरीट हे सगळं न गाळता झालं. लाकडाने स्टेन सारखा प्यावा म्हणून आधी चपडीचा अगदी पातळ हात दिला. चपडी म्हणजे लाख, पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची. आपल्याकडे रांचीला 1924 पासून तिच्यावर संशोधन करणारी संस्था आहे. ‘गिटार कशाला, तबला-पेटी शिकवा’ म्हणणाऱ्या पालकांसाठी एवढंच सांगतो की मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना चढतं तेही लाखेचंच पॉलिश. या वेळी स्टेन पाण्यातला घेतला, सावकाश वाळणारा. रंग हवा होता त्याहून थोडा फिका आला. डाग आले नाहीत.

वर काय लावायचं हा प्रश्न कोतातल्या उस्तादांनी सोडवला. शस्त्रागाराशी हॉबी क्लबचा काय संबंध, असं बाहेरच्या पालकांना वाटेल. पण जुन्या .303 रायफलीचा लाकडी दस्ता पिढ्यान्पिढ्या जवसाच्या तेलावरच राखला गेला आहे. तेल तळहाताने चोळायचं, लाकूड गरम झाल्यासारखं वाटेपर्यंत. आज थोडं, उद्या थोडं. गिटार बनवणारे बरेच हौशी लोकही रायफलीच्या दस्त्यासाठी मिळणारं, जवसाचं आणि लवकर वाळणारं तेलच वापरतात. तेच आम्ही आणलं. बोटाच्या टोकावर येईल एवढंच तेल, एका हातानंतर पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, मग सर्वांत बारीक स्टील वूल अलगद फिरवायची आणि पुढचा हात. जानेवारीच्या थंडीत एकेका हाताला दोन-दोन दिवस लागले. असे अकरा हात झाले. स्टील वूलचं काम पिकअप बसवण्याआधी उरकायचं, नाहीतर लोखंडाचे बारीक कण पिकअपच्या चुंबकाला चिकटतात आणि निघता निघत नाहीत. आणखी एक गोष्ट घरी प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळ्या जागेत पसरून वाळवायची किंवा पाण्याच्या डब्यात बुडवायची. उस्तादांनी हे मुलांना ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात मला सांगता येत नाही.

या सगळ्याने गिटारचा आवाज सुधारला का? जवळजवळ नाही. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात हलते, पिकअपच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो, तो अॅम्प्लिफायरला जातो. बॉडीवर लाख आहे की तेल, हे त्या प्रवाहाला कळत नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण परीक्षक विचारतील की सहा महिन्यांत नेमकं काय साध्य झालं, आणि मोजून दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. हातात घेतल्यावर ती गिटार चिकटत नाही, गुळगुळीत आणि कोमट लागते. एवढंच.

क्वीन बँडच्या ब्रायन मे यांची गोष्ट मी क्लबात नेहमी सांगतो. 1963 च्या ऑगस्टमध्ये, सोळा वर्षांचे असताना, त्यांनी वडिलांबरोबर घरी गिटार बनवायला घेतली. दुकानातली परवडत नव्हती. मान केली ती एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीतून. त्या लाकडाला कीड लागून पडलेली भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. मानेवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घेतली, स्प्रिंगा एका जुन्या मोटरसायकलच्या. सगळ्याला दोनेक वर्षं लागली. शाळा चालूच होती. त्याच गिटारवर ते आयुष्यभर वाजवत आले आहेत, मधल्या काळात खगोलभौतिकीत पीएचडीही पूर्ण केली. (त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकला, हे कळल्यावर मराठी कॅडेट्सची छाती उगीचच फुगते. फुगू द्यावी.) त्या बापलेकांना मध्येच कोणी सांगितलं असतं की सप्टेंबरात परीक्षक येणार आहेत, तर काय झालं असतं, याची मला कल्पना आहे. काळा रंग झाला असता.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत दमदार आक्षेप आमच्या पीटी उस्तादांचा. ते म्हणाले, फौजेत वेळ म्हणजे वेळ. हल्ल्याची वेळ ठरली की तयारी झाली नाही म्हणून ती पुढे जात नाही, आणि मुलांना हेच शिकवायचं असेल तर प्रदर्शनाची तारीख पाळायलाच हवी. मला हे मान्य आहे. तारखेवर माझा राग नाही. पण तारीख पाळणं म्हणजे त्या दिवशी जे आहे ते घेऊन हजर राहणं. मी तसं केलं नाही. मी नसलेलं असल्यासारखं दाखवलं. तारीखच पाळायची होती तर डाग पडलेली, ढगाळ बॉडी टेबलावर ठेवून मुलाला तिच्यामागे उभं करायला हवं होतं. पाहुण्यांनी विचारलं असतं हे असं का झालं, आणि त्याने एकेक डागाचं कारण सांगितलं असतं. ते उत्तर त्याला पाठ होतं, आणि ते खरं होतं.

पेंट मारणं वाईट, असंही माझं म्हणणं नाही. ज्याला काळी गिटार हवी त्याने ती जरूर काळी करावी, चांगली करावी. पेंटलाही खालून तेवढंच घासावं लागतं. वाईट एवढंच की ज्याची गिटार त्याला ती काळी नको होती.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. हॉबी क्लबला हाऊस ट्रॉफीतून वगळावं. प्रदर्शन जरूर भरवावं, पण क्रमांक नसावेत. वस्तू ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत मांडावी, अर्धी घासलेली असली तरी. प्रत्येकीशेजारी मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद असावा, कोणत्या तारखेला काय केलं, काय बिघडलं, पुढे काय करायचं आहे. आणि कुठे कोणाचा हात लागला तेही त्यावर असावं. शिक्षकाने स्क्रू आवळून दिला तरी शिक्षकाचं नाव. यंदाच्या प्रदर्शनात ती गिटार पुन्हा मांडायचं ठरलं आहे. तिच्या कागदावर गेल्या सप्टेंबरच्या रकान्यात ‘काळा रंग, तीन हात’ यापुढे माझं नाव त्याने लिहिलं आहे. खरवडलेल्या खाचेचा उल्लेखही केला आहे, तो केला नसता तरी चाललं असतं.

पालकांना एक विनंती. मुलाचा फोन आला की ‘अजून झाली नाही?’ हा प्रश्न पहिला येतो, माझ्याही तोंडी तो यायचा. त्याऐवजी सध्या कोणत्या नंबरवर आहे ते विचारा. तो 180 म्हणाला तर अजून बरंच आहे, 320 म्हणाला तर त्याला फार बोलण्यात गुंतवू नका. आणि भेटीच्या रविवारी येताना घरातले जुने, बऱ्याचदा धुतलेले सुती बनियन आणा. स्टेन लावायला आणि तेल पुसायला त्यांच्यासारखं कापड नाही, नव्या कापडाचे धागे सुटून लाकडाला चिकटतात. मागच्या वेळी एका मातोश्रींनी स्टार्च केलेले आणले होते. तेवढं मात्र करू नका.